मोजून तीन सफरचंदं

अकरा वाजता प्रणालीनं चौथ्यांदा झाकण उचललं. त्या इलेक्ट्रिकच्या भांड्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, झाकण उघडू नका, एकदा उघडलं की अर्ध्या तासाची ऊब जाते. पण पुस्तिका लिहिणाऱ्याला सोनकुसऱ्यांचा स्वभाव काय माहीत! या घरात एखादी गोष्ट करू नका म्हटलं की सगळ्यांचे हात आधी शिवशिवतात.

तिनं चमचाभर रस बशीत घेतला, फुंकून चाखला. सकाळी सहाला मंद आचेवर लावलेलं मांस छान मऊ झालं होतं. कांदा विरघळला होता, नऊला घातलेल्या सफरचंदाच्या फोडी गळून रसात मिसळल्या होत्या. सगळं जिथल्या तिथं होतं आणि तरी ते आजोबांचं नव्हतं. नुसतं गोड लागत होतं, आजारी माणसाला द्यावं तसं मिळमिळीत.

"पप्पा, तुम्ही पाहा ना जरा."

विक्रमनं उभ्याउभ्याच चाखलं. "चांगलं आहे की."

"चांगलं आहे म्हणजे?"

"म्हणजे हॉटेलात मिळालं असतं तर मी दुसऱ्यांदा मागवलं असतं." त्यानं बशी ओट्यावर ठेवली आणि बायकोकडे, मिनलकडे, बघितलं. "पण बाबाचं नाही हे."

मिनल गेल्या दोन तासांत तिसरी उदबत्ती लावत होती. मनीषनगरच्या या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुणाकडे काय शिजतंय हे पहिल्या मजल्याला आधी कळतं. "नसेल तर नसेल," ती म्हणाली. "बाबाच नाहीत तर त्यांची चव कुठून येईल? दादांना सांगा, पोरीनं बेंगळुरूहून एवढं भांडं वाहून आणलं, गोड मानून घ्या."

"दादा गोड मानून घेणार," विक्रम म्हणाला, "आणि हात धुऊन म्हणणार, चला, संपलं आता."

तेच तर प्रणालीला खात होतं. मोठ्या बाबांनी, म्हणजे पप्पांच्या या दादांनी, फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "या वर्षी बाबाच्या नावानं एकदा जेवू. मग पुरे. जबरदस्तीनं कायले एकत्र बसाचं?" दसऱ्यानंतरचा हा रविवार मोडला तर तिघं भावंडं पुन्हा एका पंगतीला बसायचं काही कारण उरत नव्हतं. दिवाळी आपापल्या घरी, पोळा आपापल्या घरी. आजी जुन्या वस्तीतल्या महाल भागात मोठ्या बाबांकडे, आणि दोन्ही घरांच्या मध्ये ती अर्ध्या तासाची वाट, जी आजोबा गेले त्या फेब्रुवारीपासून कुणी चाललं नव्हतं. आजीला कुणी काही विचारलं नव्हतं. ती मात्र चार दिवसांपासून रोज फोन करत होती आणि एकच विचारत होती, "रविवारचं पक्कं हाये ना वं?"

प्रणालीनं फोनमधली यादी पुन्हा उघडली. मागच्या वर्षी आजोबांबरोबर बाजारात फिरताना त्यांनी सांगितली तशी तिनं लिहून घेतली होती. पोर्क तीन किलो, चरबीसकट. कांदे दीड किलो. लसणाचे गड्डे सहा. मसाला घरचा. सफरचंद मोजून तीन, शेवटी. तेव्हाही तिनं विचारलं होतं की तीन किलोला तीनच कशी पुरतील. आजोबा इतके हसले की त्यांना कवळी हातानं धरावी लागली. "मोजून तीन," ते म्हणाले, "कमी नाही, जास्ती नाही." आज तिनं चार आणली होती. तीन भांड्यात गेली आणि चौथं हॉलमध्ये त्यांच्या फोटोपुढं ठेवलं होतं.

आजोबांचा, नत्थूजींचा, हा सोहळा मुळात आला कुठून, हे सोनकुसऱ्यांच्या घरातलं लहान पोरही सांगू शकायचं, कारण नत्थूजी ते दर वर्षी पहिल्यापासून सांगत. ते विणकराचं पोर. महालातल्या दोन खोल्यांच्या मागं त्यांच्या वडिलांचा खड्ड्याचा माग होता, म्हणजे विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो. लुगड्यांचे दिवस गेले तसा माग विकला गेला, खड्डा राहिला. नत्थूजी मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यात लागले. तिथल्या पीटर्स साहेबाची बाई थंडीची चाहूल लागली की पोर्क आणि सफरचंद निखाऱ्यावर दिवसभर शिजवायची आणि साहेबाच्या हाताखालच्या माणसांना डबे पाठवायची. साहेब निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा बाईनं आपला बिडाचा गंज, ते जाड बुडाचं मोठं पातेलं, नत्थूजींना देऊन टाकला, कृतीसकट. नत्थूजींनी तो डोक्यावर घेऊन घरी आणला आणि बायकोनं तो दारातच अडवला.

रुख्माबाईला मटण चालायचं, मासे चालायचे. हे चालायचं नाही. ती त्याचं नावही घ्यायची नाही, 'तुमच्या बाबाचं ते' म्हणायची. गंज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही, असा तिचा कायदा होता. नत्थूजींनी त्यावर तोड काढली. मागच्या मागाच्या खड्ड्यात त्यांनी निखारे पेटवले, वर गंज ठेवला, झाकणावरही चार निखारे टाकले. बाप ज्या खड्ड्यात पाय सोडून बसला त्यात त्यांनी चाळीसएक वर्षं दसऱ्यानंतरच्या रविवारी पोर्क शिजवलं. पोरं, सुना, जावई, नातवंडं काठावर बसून जेवायची आणि रुख्माबाई दाराच्या पायरीवर आपला वरणभात घेऊन बसायची, तोंड जरा वळवून.

आता खड्डा नव्हता. एप्रिलात थोरल्या लेकानं, मनोहररावांनी, तो बुजवून वर फरशी घातली होती. आणि गंजात त्यांच्या बायकोनं, कामिनीनं, कोरफड लावली होती.

*

लिफ्टमध्ये मनोहरराव आरशाकडे पाठ करून उभे होते. हातात महालातल्या जुन्या बेकरीच्या गोल पावांची पिशवी होती. पाव आणा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाबा त्या रविवारी अंघोळ करून स्वतः पाव आणायला जात, म्हणून सकाळी यांचे पाय आपोआप तिकडे वळले, आणि पिशवी हातात आल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. कामिनी आली नव्हती. तिचं डोकं दुखत होतं, आणि ते आज दुखणार हे मनोहररावांना कालच कळलं होतं.

"दादा, आज बोलशील ना धड?" यमुताई म्हणाली. ही धाकटी बहीण सकाळच्या बसनं उमरेडहून आली होती. खांद्याला जड कापडी पिशवी होती आणि एका हातानं तिनं आईचं कोपर धरलं होतं.

"मी कधी वाकडं बोलतो गं यमे?"

यमुताईनं आईकडे बघितलं. आईनं लिफ्टच्या दाराकडे बघितलं.

मनोहररावांनी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. जेवण झाल्यावर म्हणायचं, छान झालं, बाबाची आठवण झाली, यापुढं ज्यानं त्यानं आपल्या घरी करावं. त्यात भांडण नव्हतं आणि परत यायची गरजही नव्हती. बाबा गेले त्या दिवसापासून विक्रमच्या डोळ्यांत जे दिसत होतं ते बघायची त्यांची आता ताकद नव्हती.

दार विक्रमनंच उघडलं. आईच्या पाया पडला, ताईला जवळ घेतलं, दादाच्या हातातली पिशवी बघितली आणि थबकला.

"पाव आणले?"

"रस्त्यात होते म्हणून आणले."

बेकरी रस्त्यात नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

हॉलमध्ये पंखा फिरत होता. शोकेसवर नत्थूजींचा फोटो होता, पुढं एक लालभडक सफरचंद. मिनलनं पाणी दिलं. थोडा वेळ सगळे उमरेडच्या धानाबद्दल बोलले, मग ऑक्टोबरच्या उन्हाबद्दल. मग मनोहररावांनी नाक वर करून वास घेतला.

"इलेक्ट्रिकवर करून राहिले म्हणे."

"मग कशावर करू?" विक्रम म्हणाला. "खड्डा तर तुम्ही बुजवला."

"आई दोनदा अडखळली तिथं. मोडली असती हाडं."

"वर पाट टाकता आला असता. मले एक फोन करता आला असता."

"फरशी टाकाले तुले विचारू आता?"

"विक्या, दादा," यमुताई मध्ये पडली, "पाव गरम करू का गा? मिनल, तवा देजो."

पण विक्रमचं सुटलं होतं. आठ महिने तो हे वाक्य तोंडात धरून होता. "फरशीचं जाऊ द्या. त्या दिवशी तरी विचाराचं होतं. दोन घंटे, दादा. मी हैदराबादहून निघालो होतो. दोन घंटे थांबले असते तर मले बाबाचं तोंड दिसलं असतं. मी घाटावर पोहोचलो तं तुम्ही लोक अंघोळीले निघाले होते."

मनोहररावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांच्याकडे उत्तर होतं. तेही आठ महिने तोंडातच होतं. त्यांनी समोर बसलेल्या आईकडे बघितलं आणि ते पुन्हा गिळलं.

"झालं ते झालं," ते म्हणाले.

"हो ना. तुमचं झालं."

रुख्माबाई उठली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांतून गेलेली बाई, पण कुणाच्या हाताची वाट न बघता उठली आणि यमुताईची कापडी पिशवी उचलून स्वयंपाकघराकडे चालू लागली. घरात 'ते' शिजत असताना ती आपल्या पायांनी तिकडे चाललेली कुणी बघितली नव्हती.

*

दाराशी ती थांबली. पांढरं चकचकीत भांडं ओट्यावर होतं, त्याला एक छोटा हिरवा दिवा. धूर नाही, निखारा नाही. रुख्माबाईला ते दवाखान्यातल्या यंत्रासारखं वाटलं. तिनं लांबूनच श्वास घेतला.

"आजी, तुम्ही इकडे कशा आल्या?" प्रणाली गडबडली. "काही पाहिजे होतं का?"

"गोड झालं ना?"

प्रणालीचे डोळे भरून आले. "तुम्हाला कसं कळलं? मी सगळं आजोबांनी सांगितलं तसंच केलं, खरंच. मसाला तुमचाच आहे, यादी त्यांची आहे. जमतच नाहीये. आता मोठे बाबा खातील आणि म्हणतील संपलं."

"रडू नोको. बत्ता दे मले."

पिशवीतून रुख्माबाईनं दोन कवठं काढली. यमुताईच्या शेताच्या बांधावरची, दहा दिवस धानाच्या तणसात, पेंढ्यात, घालून पिकवलेली. फोनवर तिनं लेकीला तेवढंच सांगितलं होतं, कवठं आणजो, पिकलेली पाहून आणजो, आणि यमुताईला वाटलं होतं आईला चटणी खावीशी वाटली असेल. रुख्माबाई भिंतीला टेकून खाली बसली. एका ठोक्यात कवठ फुटलं आणि तो आंबूस, उग्र वास उदबत्तीला मागं सारून घरभर पसरला.

"गूळ दे. लहान खडा."

तिनं गर वाटीत काढला, शिरा काढून टाकल्या, गूळ आणि कोमट पाणी घालून बोटांनी कुस्करला. बोटांना वाट माहीत होती. ती उठून भांड्याजवळ गेली. प्रणालीनं झाकण उचललं. रुख्माबाईनं तोंड जरा बाजूला वळवलं, जसं ती पायरीवर बसून वळवायची, आणि वाटी आत उपडी केली.

"आता हालव. मी नाई हात लावत त्याले. एक घंटा राहू दे, आन् झाकन उघडू नोको घडीघडी."

"आजी," प्रणाली हळूच म्हणाली, "हे तुम्ही आधीपण करत होत्या?"

रुख्माबाईनं रिकामी वाटी नळाखाली धरली. तिला त्या मागच्या अंगणातलं ऊन आठवत होतं. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून म्हणायचा, "मी पाव घेऊन येतो. तू तेवढी सफरचंदं टाकून देजो, वरूनच टाक, शिवू नोको." पहिल्या वर्षी त्यानं किलोभर आणली होती. यमी तेव्हा टायफॉइडातून उठली होती, मान काडीसारखी झाली होती. डॉक्टरनं फळं सांगितली होती आणि घरात फळ म्हणजे फार तर केळं. असं लालभडक सफरचंद त्या मांसात टाकायचा तिला धीर झाला नाही. ती लेकरांची आई होती, पीटर्स बाई नव्हती. शेजारच्यांच्या झाडाचं कवठ पडलेलं होतं, तेच तिनं गूळ घालून गंजात ढकललं. नवरा पाव घेऊन आला, जेवला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वा! बाईसाहेबाच्या हातची चव आली." मग त्याला खरं सांगायचं कसं? आणि दुसऱ्या वर्षी ते चुकवायचं कसं?

*

दोन वाजता सगळे जमिनीवर बसले. टेबल होतं, पण मनोहररावांनी आल्याआल्या खुर्चीकडे असं बघितलं की मिनलनं चटया काढल्या. रुख्माबाईला बाजूला वरणभात वाढला. विक्रम आणि मनोहरराव समोरासमोर आले होते आणि दोघंही पानात बघत होते.

मनोहररावांनी पाव मोडला, रसात बुडवला, तोंडात घातला. चावता चावता ते थांबले.

यमुताईचा घास हातातच राहिला.

मनोहररावांनी डाव्या हातानं डोळे पुसले, अगदी उघड, सगळ्यांसमोर. "बाबाचंच आहे हे," ते म्हणाले. "तो आंबटपणा. ते म्हणायचे ना, सफरचंद शिजलं की आंबते, ही विलायती गोष्ट आहे, तुमाले नाही समजणार. पोरी, कसं जमवलं तू?"

प्रणालीनं आजीकडे बघितलं.

"तिनं नाई जमवलं," रुख्माबाई म्हणाली. "ते कवठ हाये."

"काय?"

"कवठ. गूळ टाकून. पह्यल्यापासून कवठच हाये त्यात. तुमच्या बाबाच्या गंजात एकबी सफरचंद कधी गेलं नाई."

विक्रमचा घास घशात अडकला. मिनलनं पाठीवर थाप मारली.

"आई," तो म्हणाला, "चाळीस वर्षं बाबा लोकाईले सांगून राहिले होते, पोर्क विथ ॲपल, पीटर्स बाईचं. माझ्या लग्नात व्याह्याले सांगितलं त्यांनी."

"मंग काय करू? सांगू देल्लं."

यमुताई सावकाश म्हणाली, "मग सफरचंदं कुठं जायची?"

रुख्माबाई वरणभात कालवत राहिली. यमुताईचा चेहरा मात्र बदलत चालला होता. "एक मले देत होती आई," ती म्हणाली. "दर वर्षी. न्हाणीघरात बोलावून. म्हणायची, तू आजारातून उठली म्हणून तुलेच देऊन राहिली, कोणाले सांगू नोको. मी उमरेडले गेल्यावरपण, त्या दिवशी आली की देत होती. मी कधीच कोणाले नाही सांगितलं."

"तुले?" मनोहरराव म्हणाले. "अगं, मले देत होती! पाण्याच्या टाकीमागं. तू मोठा आहे, घराचं ओझं तुझ्यावर आहे म्हणून तुलेच देतो म्हणायची. मुठीत ठेवायची आणि मूठ बंद करायची वरून. कोणाले सांगू नोको."

दोघांनी एकदमच विक्रमकडे बघितलं. विक्रमचे कान लाल झाले होते.

"जिन्यावर," तो म्हणाला. "तू शेंडेफळ, तुझ्या वाट्याले सगळं उरलंसुरलं येते म्हणून तुलेच."

आधी मिनल हसली. मग यमुताई हसली ती पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मनोहरराव हसता हसता खोकले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण मनात खोल कुठंतरी आईचा जीव आपल्यावर जास्त आहे हे धरून जगला होता, आणि आज त्याला कळलं की दुसऱ्या दोघांनीही तेच धरलं होतं. त्याला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"म्हणजे तू आम्हाले तिघाईले फसवलं," मनोहरराव आईला म्हणाले.

"तिघाईले नाई. चौघाईले," रुख्माबाई म्हणाली, आणि तिचा आवाज खाली गेला. "त्याईले पन. याचंच मले लागून राह्यलं होतं. शेवटच्या दिसात वाटलं सांगून टाकाव. मंग वाटलं, एवढा शौक होता त्या मानसाले, आता जाताना कायले मोडाव? आन् ते तसेच गेले."

प्रणाली हातातला फोन घट्ट धरून बसली होती. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं.

"आजी," ती म्हणाली, "आजोबा सफरचंदं किती आणायचे? पहिल्यापासून तीनच?"

"पह्यल्या वर्षी किलोभर आनली. नंतर कंजूस झाले ते. तीनच आनत होते. मी म्हनो, तीन किलोले तीन सफरचंदं? चिक्कू मानूस!"

"आणि कवठं कोण आणायचं?"

"तेच आनत होते. चटनीले."

"बाबाले कवठाची चटणी आवडत नव्हती," यमुताई म्हणाली. "शिवत नव्हते ते."

प्रणालीनं फोन आजीपुढं धरला. आजीला वाचता येत नव्हतं ते तिच्या लक्षात आलं, म्हणून तिनंच वाचलं. "सफरचंद मोजून तीन. कमी नाही, जास्ती नाही. मागच्या वर्षी मी होते ना त्यांच्यासोबत. त्यांनी तीन सफरचंदं निवडली, अगदी सारख्या आकाराची, फळवाला वैतागला होता. मग दोन कवठं घेतली. मी म्हटलं हे कशाला, तर म्हणाले, तुझ्या आजीले लागते. मला वाटलं चटणी. आणि तीनच का विचारलं तर नुसते हसत राहिले." तिनं समोर बसलेल्या तिघांकडे बघितलं. "तीन लेकरं, मोठे बाबा. मोजून तीन."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला.

रुख्माबाईच्या हातातला घास ताटात पडला. "मालूम होतं?" ती म्हणाली. "त्याईले मालूम होतं?" तिनं फोटोकडे बघितलं. नत्थूजी फोटोत हसत नव्हते, रेल्वेच्या ओळखपत्राचा फोटो मोठा केलेला होता. "मंग काहून नाई बोलले गा कधी? मले येवढं पाप लागल्यासारखं..." चाळीस वर्षं आपण एकटीच काहीतरी लपवतोय असं तिला वाटत होतं, आणि तो माणूस रोज शेजारी बसून तेच लपवत होता. पाव आणायच्या निमित्तानं मुद्दाम वेळ काढून बाहेर जात होता.

मनोहररावांना वाटलं, आता गिळत बसण्यात अर्थ नाही. बाबांनी लपवलं ते एक, आपण लपवतोय त्यात काय शहाणपण आहे.

"विक्या," ते म्हणाले. "त्या दिवशी आई दोनदा बेशुद्ध पडली होती. सकाळपासून पाण्याचा घोट नाही, बाबाचा हात सोडून नव्हती राहिली. डॉक्टर म्हणाला, इथून उठवा हिले, नाही तं दुसरं काही होऊन जाईल. तुझा फोन लागत नव्हता. बल्लारशाच्या पुढं गाडी उभी होती म्हणे. मी चार वाजेपर्यंत वाट पाह्यली. मग घाबरलो गा मी. बाप तं गेलाच होता, आई नाही जाऊ देणार म्हटलं."

विक्रमनं मान वर केली. "मग सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? तुले बाबाचं तोंड दिसलं नाही ते आईपायी, असं सांगू? अन् आईनं ऐकलं असतं तर?" ते आईकडे बघत नव्हते. "तरी मी थांबायले पाहिजे होतं. अजून दोन घंटे. रोज वाटते मले."

"नाही दादा," विक्रम म्हणाला. तो उष्ट्या हातानंच पुढं वाकला आणि त्यानं दादाचा उष्टा हात धरला. दोघांच्या मधल्या चटईवर रसाचे थेंब पडले. मिनलनं पहिल्यांदा चटईकडे बघितलं, मग न बघितल्यासारखं केलं.

"पुढच्या वर्षी गंज घेऊन येतो," मनोहरराव नाक ओढत म्हणाले. "कोरफड दुसरीकडे लावू. कामिनीले मी सांगतो."

"ती ऐकेल?" यमुताई म्हणाली.

"नाही ऐकली तं हे इलेक्ट्रिकचं आहेच. वाईट नाही तेही." ते प्रणालीकडे वळले. "फक्त एक कर पोरी. पुढच्या वर्षी सफरचंदं चार लिही."

"चौथं कुणाचं?"

मनोहरराव उठले. मोरीवर हात धुऊन शोकेसपाशी गेले, फोटोपुढचं सफरचंद उचललं, धोतराला पुसलं. मग चटईवर आईसमोर गुडघे टेकून बसले. चाळीस वर्षांत या बाईनं सव्वाशे तरी सफरचंदं वाटली असतील, आणि स्वतः एखादं खाल्लेलं तिघांपैकी एकालाही आठवत नव्हतं.

त्यांनी ते तिच्या मुठीत ठेवलं आणि वरून तिची बोटं मिटवली.

"घे," ते म्हणाले. "तू आमची आई म्हणून तुलेच देऊन राहिलो. कोणाले सांगू नोको."